मागच्या थांब्यावरून सुटली आहे

आयुष्यातील बत्तीस वर्षे मी बसस्थानकावरील चौकशीच्या खिडकीआड वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. या काळात "गाडी मागच्या थांब्यावरून सुटली आहे, येईलच एवढ्यात" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले, याची मोजदाद नाही. आणि त्यांपैकी किती वेळा गाडी खरोखरच सुटलेली होती, याची मोजदाद करण्याची माझी इच्छाही नाही. ते वाक्य ऐकून जे प्रवासी बोचकी उचलून फलाटाच्या कडेला जाऊन उभे राहत आणि पाऊण तासाने पुन्हा बाकावर येऊन बसत, त्यांचे तळतळाट मला निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीबरोबरच एकरकमी मिळाले. कारण त्या निधीतून मी घर बांधायला काढले, आणि घर बांधायचे तर बांधकाम परवानगी काढावी लागते.

जागा वडिलांनी घेऊन ठेवलेली, रीतसर बिनशेती झालेली, तीन गुंठ्यांची. आमचे वास्तुविशारद म्हणजे माझ्या मावसबहिणीचे चिरंजीव. त्यांनी पहिल्याच बैठकीत मला आनंदाची बातमी दिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, तिच्यात लहान माणसाची मोठी सोय केलेली आहे. भूखंड दीडशे चौरस मीटरपर्यंत असेल, तर नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. आणि दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत असेल, तर दहा दिवसांत परवानगी. "मामा, तुमचे क्षेत्र किती?" असे विचारून त्यांनी भ्रमणध्वनीवर हिशेब मांडला. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, त्याला तीनने गुणले, म्हणजे ३०३.५१. चिरंजीवांनी भ्रमणध्वनी हळूच उलटा करून टेबलावर ठेवला.

साडेतीन चौरस मीटर म्हणजे किती, हे मी त्या रात्री घरी मोजून पाहिले. आमचा दुहेरी पलंग बरोबर तेवढा भरला. ज्या पलंगावर आम्ही उभयतांनी सदतीस वर्षे काढली, तेवढ्याच जागेने आम्हाला दहा दिवसांच्या रांगेतून उचलून साठ दिवसांच्या रांगेत नेऊन बसवले होते. तेवढा तुकडा शेजाऱ्याला देऊन टाकावा, अशी सौभाग्यवतींची सूचना होती. ती मी भाच्यापुढे मांडली, तेव्हा भूखंडातून तुकडा वेगळा काढायचा तर त्यालाही परवानगी लागते, असे त्यांनी सांगितले, आणि ती किती दिवसांत मिळते हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

पुढील मजल सांगण्यासारखी नाही, कारण ती प्रत्येकाने चाललेली आहे: सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन, झोन दाखला, मोजणीची 'क' प्रत. मोजणीसाठी तेव्हा साधी, तातडीची आणि अतितातडीची अशा प्रतवारीने शुल्क असे. मी तातडीचे भरले आणि मोजणीदार माझ्या दारात आले तेव्हा मधला एक पावसाळा होऊन गेला होता. अतितातडीचे भरले असते, तर ते पावसातच आले असते.

अर्ज आता संगणकावर करावा लागतो. नकाशाही माणसाआधी संगणक वाचतो. भिंत कोणत्या थरावर, जिना कोणत्या थरावर, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, कोणत्या रंगात, हे सारे त्याने ठरवून दिलेल्या नावांनी काढावे लागते, आणि ज्या आकृतीला नाव नाही तिला तो बांधकाम समजतो. भाच्याने हौसेने अंगणात तुळशीवृंदावन काढले होते. संगणकाने समोरच्या सामासिक अंतरात एक अनधिकृत चौकोनी इमारत असल्याचे कळवून प्रस्ताव परत पाठवला. नकाशातून तुळस काढावी लागली. "तुळस उपटायला सांगणारे कार्यालय मी प्रथमच पाहते आहे," असे म्हणून सौभाग्यवतींनी त्या दिवशी कुंडीतल्या तुळशीला दोन तांबे पाणी जास्त घातले.

अखेर अर्ज दाखल झाला आणि मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर साठावा दिवस लाल शाईने रंगवला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४५ मी तोवर पाठ केले होते. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते, फक्त प्रस्ताव नियमांत काटेकोर बसायला हवा. हिलाच मानीव परवानगी म्हणतात. सरकारच्या मौनाला संमती समजावे, अशी तरतूद करणाऱ्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर निर्माण झाला होता. सत्तावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र आले, आणि तो आदर त्या कलमातील उरलेले वाक्य वाचण्याच्या कामी खर्च झाला: अर्ज मिळाल्यापासून किंवा त्रुटीची पूर्तता मिळाल्यापासून साठ दिवस, यांपैकी जे नंतरचे असेल ते.

"जे नंतरचे असेल ते" या चार शब्दांत जी ताकद आहे, ती मला खिडकीआड बसलेला असताना सापडली असती, तर माझी एकही गाडी कधी उशिरा आली नसती.

त्रुटी अशी होती की, आमच्या मैल्याच्या टाकीपासून शेजारच्या विहिरीचे अंतर नकाशात दर्शविलेले नाही. शेजारी विहीर नाही. नसलेल्या विहिरीपासूनचे अंतर कसे काढावे, यावर मी व भाच्याने बराच खल केला आणि अखेर विहीर अस्तित्वात नसल्याचे प्रतिज्ञापत्र करून दिले. विहीर चोरीला गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ती मुळात नव्हतीच असे शपथेवर सांगणारा मी बहुधा पहिलाच असेन. दुसरे त्रुटीपत्र पंचावन्नाव्या दिवशी आले: प्रतिज्ञापत्रात गट क्रमांक आहे, भूखंड क्रमांक नाही. तिसरे अठ्ठावन्नाव्या दिवशी: दुसऱ्या त्रुटीची पूर्तता केली आहे, पण पूर्तता केल्याचे पत्र जोडलेले नाही. तिसऱ्या वेळी मानीव परवानगीचा विषय मी पुन्हा काढला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मानीव परवानगी बँकेत दाखवली, तर बँक तुम्हाला मानीव कर्ज देईल."

दरम्यान, शेजारच्या भूखंडावर कोणत्याही कागदाविना दुमजली घर उभे राहिले, त्याची वास्तुशांतही झाली आणि मी तिथे श्रीखंड खाऊन आलो. शेजाऱ्यांचे तत्त्वज्ञान मला वाढप चालू असतानाच ऐकायला मिळाले. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेले भूखंड व त्यांवरची घरे, नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांपर्यंत वाढवली. मग ती पुन्हा वाढणार नाही कशावरून? "तुम्ही सरकारच्या मागे धावता, मी सरकार येईपर्यंत घरात बसतो," असे म्हणून त्यांनी मला आग्रहाने आणखी एक पुरी वाढली. पुरी गरम होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मंगळवार व गुरुवार हे माझे कार्यालयात जाण्याचे वार ठरले होते, कारण आमची फाईल ज्यांच्या टेबलावर होती ते रचना सहायक दोन गावांचा कार्यभार सांभाळत आणि उरलेले दिवस दुसऱ्या गावाच्या तळतळाटाचे होते. तरुण मनुष्य, बोलण्यात अत्यंत अदबशीर. साहेब व्हीसीला, म्हणजे पडद्यावरच्या बैठकीला, बसले आहेत, सर्व्हर बंद आहे, स्वाक्षरीचे डोंगल लेखा विभागात नेले आहे, यांतील प्रत्येक गोष्ट ते इतक्या हळुवारपणे सांगत की आपणच काहीतरी चूक केली आहे, असे वाटावे. एका गुरुवारी मी विचारले, "फाईल कुठपर्यंत आली?" ते म्हणाले, "काका, इथून निघाली आहे. साहेबांच्या लॉगिनला पोचेलच एवढ्यात."

तो सूर मी कुठेही ओळखला असता. आवाजात किंचित घाई, नजर कागदावर, आणि 'एवढ्यात' या शब्दावर बेताचा जोर. हे कसब अंगी यायला मला स्वतःला चार वर्षे लागली होती. मी खुर्ची पुढे ओढून म्हणालो, "साहेब, आपण एकाच धंद्यातले. मला खरे सांगा. सुटली आहे का?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काका, तुम्ही सव्वाचारच्या गाडीचे ना? चौकशीच्या खिडकीतले?" मी मान हलवली. कॉलेजची तिन्ही वर्षे त्यांनी त्या गाडीची वाट पाहण्यात काढली होती आणि वनस्पतिशास्त्राचा बराचसा अभ्यास आमच्या बाकावर बसूनच केला होता. त्यांच्या स्वरात राग मुळीच नव्हता, आणि मला तीच गोष्ट अवघड वाटली. त्यांनी चहा मागवला. फाईल सुटलेली नव्हती. ती त्यांच्याच डाव्या हाताला, खालून चौथी होती. त्यांनी ती माझ्यादेखत वर काढली.

अर्ज केल्यापासून आठ महिन्यांनी प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, आले. विकास शुल्क आणि एक टक्का कामगार उपकर मी आनंदाने भरला. इतक्या आनंदाने मी आजवर कोणालाही पैसे दिलेले नाहीत. परवानगी एका वर्षाची होती आणि त्यापुढे ती मुदतीत नूतन करून घ्यायची होती. म्हणजे कार्यालयाला आठ महिने लागले ते केवळ कागद हलवण्यासाठी, आणि मला बारा महिन्यांत विटा हलवायच्या होत्या. आम्ही अक्षय्य तृतीयेला कुदळ मारली. तुळशीवृंदावन मात्र संगणकाच्या नजरेस पडू नये म्हणून सौभाग्यवतींनी तूर्त वाळूच्या ढिगामागे ठेवले आहे.

जोत्यापर्यंत काम आले की कळवायचे असते. मग कार्यालयातून कोणी येऊन तपासणी करू शकते. जोते तयार झाल्यावर मी गेल्या मंगळवारी सकाळी रचना सहायकांना फोन केला. पलीकडून वाहनांचा आवाज येत होता की पंख्याचा, हे मला नीट ओळखता आले नाही. ते अदबीने म्हणाले, "काका, निघालोच आहे. मागच्या थांब्यावरून सुटलो आहे, येईनच एवढ्यात."

मी नकाशाची गुंडाळी उचलून जोत्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो, आणि पाऊण तासाने सिमेंटच्या पोत्यावर येऊन बसलो.