खुलासा: एफपुटसी बदलून प्रिंटएफ सगळीकडे चालत नाही

'एसटीएम३२ वर एफपुटसी आपलं लिहिलं की प्रिंटएफ हव्या त्या यूआर्टवर जातं, कंपायलर कुठलाही असो' हा मेसेज सध्या फिरतोय. (एसटीएम३२ म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप; प्रिंटएफ हे सी भाषेतलं मजकूर छापणारं फंक्शन, एफपुटसी एकेक अक्षर पाठवणारं; यूआर्ट म्हणजे चिपचा सीरियल पोर्ट.) मूळ पोस्ट माझीच, आणि ती अर्धीच बरोबर आहे.

ती युक्ती मी कायल या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरली होती, तिथे ती चालते. पण क्यूबआयडीई या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीसीसी हा कंपायलर आणि न्यूलिब ही सी लायब्ररी असते. तिथलं प्रिंटएफ शेवटी अंडरस्कोर-राइट (_write) या फंक्शनला बोलावतं. काल न्यूक्लिओ एफ४४६आरई बोर्डावर क्यूबआयडीईत दोन्ही फंक्शनांवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवणारी खूण) लावून पाहिलं: एफपुटसीत एकदाही थांबलं नाही, राइटमध्ये लगेच थांबलं. म्हणजे तिथे राइटच आपलं लिहायचं आणि त्यात डेटा पाठवणाऱ्या ट्रान्समिट फंक्शनला हव्या त्या पोर्टचं हँडल (त्या पोर्टची ओळख) द्यायचं. या बोर्डावर एसटी-लिंकच्या (बोर्डावरच्या प्रोग्रामरच्या) यूएसबीतून यूसार्ट२ हा सीरियल पोर्ट दिसतो. यूसार्ट१ निवडलात तर वेगळी वायर जोडावी लागेल.

आणखी एक, ज्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली: ओळीच्या शेवटी '\n' (म्हणजे न्यूलाइन) नसेल तर मजकूर बफरमध्येच (तात्पुरत्या साठ्यात) अडकून राहतो. एफफ्लश करून तो बाहेर ढकला, नाहीतर सेटव्हीबफने बफरिंग बंद करा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर त्याखाली हा खुलासा जोडा.