‘बाटलीत नुसतं वासाचं पाणी’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

आमच्या जिवाणू खताला तुम्ही रिव्ह्यूत एक तारा दिलात त्याला आज बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी तुमच्या रानात यायचं होतं आणि मग लॅबमधल्या प्लेटांची वाट बघायची होती. सोयाबीनचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र देणारा जिवाणू, मोठं आळशी, प्लेटवर ठिपका दिसायलाच पाच-सात दिवस घेतं.

बाकीच्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. जूनमध्ये चार एकर सोयाबीनसाठी तुम्ही आमचं रायझोबियम आणि ‘दुष्काळ-क्षार’ कल्चर (जिवंत जिवाणूंचं द्रावण) घेतलं, 2,400 रुपये दिले. दुकानदार म्हणाला, पाऊस नसला तरी पीक हलणार नाही, खारपड रानातही चालतं. ऑगस्टात पावसाचा बावीस दिवसांचा खंड पडला. वरचं तीन एकर करपलं, खालचं एकर तर धड उगवलंच नाही. आमच्या नंबरवर फोन केलात तर ‘पाऊस नाही त्याला आम्ही काय करणार’ असं ऐकावं लागलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बाटलीत नुसतं वासाचं पाणी आहे, लोकांनो फसू नका.’

फोनचं आधी उरकते. ते उत्तर उद्धट होतं, माफ करा. आता तो फोन माझ्याकडे असतो.

आता बाटली. तुमच्याकडे अर्धी उरलेली होती ती मी घेऊन आले. त्याच बॅचची एक बाटली आमच्या कपाटात राखून ठेवलेली असते, प्रत्येक बॅचची ठेवतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रमाणात पातळ करून प्लेटांवर टाकल्या. जिवंत जिवाणू असेल तिथेच ठिपका वाढतो. आमच्या बाटलीच्या प्लेटवर दीडशेच्या आसपास ठिपके आले. तुमच्या बाटलीच्या प्लेटवर सात. दोनदा मोजले, सातच.

द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलीमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावेत असा नियम आहे. 1985च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं 2006 साली आली, हा आकडा त्याच आदेशातला आहे. आमच्याकडून निघताना तुमच्या बाटलीत तेवढे होते. तुमच्या हातात पडली तेव्हा नव्हते. मधले दोन महिने ती दुकानदाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, एप्रिल आणि मे. परभणीचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर 42-43, मग पत्र्याखाली काय असेल! बाटलीवर ‘थंड जागी ठेवा’ छापलं की आपलं काम झालं, असं मी समजत होते. दुकानात जाऊन शेड बघायला हवी होती, ती बघितली नाही. तेव्हा 2,400 रुपये परत, त्यात वाद नाही.

बीजप्रक्रियेचंही बघितलं. तुमचं बियाणं आधीच बुरशीनाशक लावलेलं, लाल रंगाचं. त्यावर कीटकनाशक आणि आमचं कल्चर दुकानदाराने एकाच घमेल्यात कालवायला सांगितलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू, तेही सावलीत, आणि लावलेलं बी त्याच दिवशी रानात गेलं पाहिजे. हा क्रम आमच्या लेबलवर आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की मलाच चष्मा लावावा लागला. जिवंत राहिलेल्या सातांपैकी किती त्या घमेल्यात गेले देव जाणे.

‘वासाचं पाणी’ तेवढं मात्र मान्य नाही. मेलेलं कल्चर आणि पाणी हे दोन वेगळे गुन्हे आहेत. पाणी विकणारा ठरवून फसवतो. मी फसवलं नाही, हलगर्जीपणा केला.

तुमच्या वरच्या रानात आपण दोघांनी झाडं उपटली ते आठवतं ना? बाटली कमी पडली म्हणून बांधाकडची चार तासं (ओळी) तुम्ही तशीच पेरली होती. माझ्या दृष्टीने हे फार बरं झालं, तुलनेला काहीतरी मिळालं. दोन्हीकडची पाच-पाच झाडं कुदळीने मातीसकट काढली, बादलीत धुतली. गाठी दोन्हींवर होत्या. त्या रानात बारा-पंधरा वर्षं सोयाबीनच आहे, तेव्हा मातीत मुळचं रायझोबियम असणारच. तुम्ही नखाने गाठ फोडलीत, आतून फिकट हिरवी निघाली. चालू गाठ आतून गुलाबी-लालसर असते. खंड लांबला की पानं सुकायच्या आधी गाठी थंडावतात, तेच झालं होतं. कल्चर लावलेल्या तासांत आणि न लावलेल्यांत फरक एकोणीस-वीसचा. प्लेटवर सात ठिपके आल्यावर त्याचं नवल वाटलं नाही.

मग तुम्ही विचारलंत, बाटली ताजी असती तर पीक वाचलं असतं का? तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, आता देते.

पीक तहानलं की मुळांत इथिलीन नावाचा वायू वाढतो. केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तोच. झाडाला तो घाई करतो: मुळांची वाढ थांबव, पानं गाळ, फुलं गाळ, लवकर आटप. हा वायू ज्या पदार्थापासून बनतो त्याला एसीसी म्हणतात. काही जिवाणूंकडे हा एसीसीच खाऊन टाकणारं विकर (एन्झाइम) असतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक यांनी 1998 मध्ये याची मांडणी केली आणि पुढे जगभर त्यावर काम झालं. एसीसी कमी झालं की झाडाची घाई कमी होते, पांढरी मुळी चालू राहते आणि खालची ओल शोधते. शिवाय आमच्या कल्चरमधले काही जिवाणू मुळाभोवती भेंडीच्या तारेसारखा चिकट पदार्थ सोडतात. मुळाला लागून मातीचा जो पातळ थर असतो तो त्यामुळे जरा उशिरा वाळतो.

एवढंच. यातून पाणी तयार होत नाही. ताजं कल्चर, क्रमाने केलेली बीजप्रक्रिया आणि खाली थोडी तरी ओल, एवढं जमून आलं तर पीक काही दिवस जास्त तग धरतं. आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत ते कामाला येतं. बावीस दिवसांत, तेही ऐन फुलात, तुमच्या वरच्या मध्यम रानात? काही शेंगा जास्त भरल्या असत्या, पीक वाचलं नसतं. दुकानात लावलेल्या फ्लेक्सवर ‘दुष्काळावर रामबाण’ असं लिहिलंय ना, तो मजकूर मीच पास केला होता. छापणाऱ्याने सुचवला, मला बरा वाटला. सगळ्या दुकानांतले फ्लेक्स काढायला माणूस पाठवलाय. अजून कुठे दिसला तर फोटो टाका.

खालच्या एकराची गोष्ट निराळी आहे. तिथे आमच्या बाटलीचा काही दोष नाही. गुणही नसता.

मी बांधावर उभी होते तेव्हा आजी म्हणाल्या, ‘पाट आला तवा ह्ये रान सगळ्यात जास्त पिकायचं. मग हळूहळू मेलं.’ मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं निदान तेच होतं. जायकवाडीचं धरण 1976 साली झालं, डाव्या कालव्याचं पाणी हळूहळू आपल्याकडे आलं. काळी भारी माती, उतार नाही, पाण्याला निघून जायला वाट नाही. पाणी जमिनीत उतरलं, भूजल वर आलं, उन्हाने ते वरच्या वर उडत राहिलं आणि क्षार मागे राहिले. त्यात तुम्ही गेली सहा-सात वर्षं बोअरचं मचूळ पाणी देताय.

तिथलं एक ढेकूळ आणि वरच्या रानातलं एक ढेकूळ मी सोबत आणलं. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्याच्या दोन ग्लासांत सोडलं. वरच्या मातीचं ढेकूळ फुटलं, माती खाली बसली, पाणी बऱ्यापैकी निवळलं. खालच्या मातीचं ढेकूळ विरघळत गेलं आणि पाणी संध्याकाळपर्यंत दुधाच्या चहासारखं गढूळच राहिलं. सामू (पीएच) 8.9 आला. हे नुसतं खारवट रान नव्हे भाऊ, ही चोपण आहे. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलाय, म्हणून कण एकमेकांना धरत नाहीत. ओली असताना साबण, वाळली की दगड, आणि बी टाकलं की वर कवच. तुमचं सोयाबीन त्या कवचाखाली मोड येऊन मेलं. मी नखाने उकरून बघितलं, कोंब वाकडे होऊन तिथेच कुजले होते.

जिवाणू मुळाभोवती थोडा सोडियम धरून ठेवतात, झाडाला क्षाराचा ताण जरा कमी जाणवू देतात, हे खरं आहे. पण आधी मूळ तर असायला हवं! एकरभर मातीतला सोडियम बाहेर काढायला कॅल्शियम लागतो, म्हणजे जिप्सम. तो सोडियमला कणांवरून ढकलतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जायला चर लागतो. चर न काढता जिप्सम टाकलात तर ते पैसेही माझ्या बाटलीच्या वाटेने जातील. किती टाकायचं ते मी इथे सांगणार नाही, ते माती परीक्षणावरून ठरतं. पुढच्या जूनमध्ये धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलावर आला की मातीत गाडा. जमीन जरा सुधारल्यावर तिथे पहिलं पीक सोयाबीन नको, कपाशी घ्या, ती क्षार जास्त सोसते. जिवाणूंची पाळी त्यानंतर.

तुमच्या रिव्ह्यूखाली एकाने लिहिलंय, ‘सगळे जिवाणूवाले चोर, असलं काही नसतंच.’ त्यांच्यासाठी एक गोष्ट. राजस्थानच्या थार वाळवंटात वेडी बाभूळ आणि बोराटी यांच्या मुळांजवळ आपल्याच शास्त्रज्ञांना एक बुरशी सापडली, तिच्यावरचा पहिला शोधनिबंध 1998चा आहे. मुळात राहून ती कितीतरी पिकांना कोरड्यात आणि क्षारात तग धरायला मदत करते. आपण जी वेडी बाभूळ सरपण म्हणून तोडतो तिच्या मुळाशी! म्हणजे असतं सगळं. फक्त ते जिवंत आहे, आणि आपण ते युरियाच्या गोणीसारखं हाताळतो. माझ्यावर विश्वास नसेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातही जिवाणू खतं मिळतात, तिथून घ्या. पण घरी नेऊन पत्र्याखाली ठेवू नका.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलंय, उरलेली सोयाबीनची बाटली रब्बीत हरभऱ्याला चालेल का. नाही चालणार. हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं, सोयाबीनचं त्याच्या मुळात गाठी करत नाही.

आम्ही काय बदललं तेही सांगते. एप्रिल-मे मध्ये दुकानांना माल देणं बंद, जूनच्या पहिल्या आठवड्यात थेट गार गाडीतून. दुकानात सावलीची थंड जागा नसेल तर माल नाही. तीन दुकानदार त्यावर रुसलेत, रुसू देत. लेबलवर क्रम मोठ्या अक्षरात. आणि ‘दुष्काळ-क्षार’ हे नाव काढतोय, कारण क्षाराच्या बाबतीत ते नाव ऐकून माणूस जे समजतो ते आमच्याने होत नाही.

भाऊ, पैसे तुम्ही दिलेल्या खात्यावर काल टाकलेत, बघून घ्या. रिव्ह्यू काढायची गरज नाही. मात्र शेवटची ओळ बदलता आली तर बदला, नाही बदललीत तरी रब्बीला हरभऱ्याचं ताजं कल्चर तुमच्या वरच्या तीन एकरांसाठी मी राखून ठेवलंय, बिनपैशाचं. या वेळी मुद्दाम चार तासं सोडून द्या, म्हणजे पुन्हा उपटून बघता येईल.

आणि खालच्या रानाची माती परीक्षणाला द्यायची आहे. पाच-सहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची घ्या, वरचा पांढरा पापुद्रा बाजूला करून. एकत्र करून त्यातली अर्धा किलो आणा. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, धुतलेली कापडी पिशवी घ्या. बोअरचं पाणीही बाटलीभर आणा.