‘हे आम्हाला नव्हतं’

गेल्या रविवारी गावी गेले होते. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी आमचं थोडं रान आहे. त्यातलं दीड एकर पार खारवलंय. उन्हाळ्यात बांधावर उभं राहिलं की पांढरं मीठ फुटलेलं दिसतं आणि ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. धाकट्या भावानं माती तपासून आणली होती. तो कागद त्यानं आपल्या लेकीपुढं ठेवला. भाची माझी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालीय, फर्स्ट क्लासमध्ये. भाऊ म्हणाला, "तू शिकलीयस न्हवं हे? मग सांग की, ह्या रानाचं काय करायचं?"

पोरीनं कागद दोनदा वाचला. ‘सामू’ म्हणजे काय, हे तिनं बापालाच विचारलं. सामू म्हणजे पी-एच. बारावीपर्यंत शिकलेल्या बापानं एम.एस्सी. झालेल्या लेकीला हे सांगितलं. मग ती कागद खाली ठेवत म्हणाली, "पप्पा, हे आम्हाला नव्हतं."

मी एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. पण त्या दिवशी आमच्या स्वतःच्या सोप्यात, आमच्याच पोरीच्या तोंडून ते ऐकलं आणि जेवण गोड लागलं नाही.

कारण तिला ते ‘होतं’. आयन एक्स्चेंज तिला तोंडपाठ आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतं, जिप्सम घातलं की त्यातलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जातं. मात्र त्यासाठी खाली निचरा पाहिजे. हे सगळं तिनं पेपरात लिहून मार्क मिळवलेत. आपल्या रानात तेच चाललंय, एवढंच तिला कुणी दाखवलं नव्हतं. पोरगी हुशार आहे. दोष तिचा नाही.

दोष कुठं आहे हे शोधायचं तर मला १९४८ सालात जावं लागतं.

देश स्वतंत्र होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. राज्यघटना अजून तयार व्हायची होती, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. अशा वेळी नोव्हेंबर १९४८ मध्ये सरकारनं विद्यापीठीय शिक्षणाचा आयोग नेमला. अध्यक्ष डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, सदस्यांत झाकीर हुसेन, मेघनाद साहा, ताराचंद, लक्ष्मणस्वामी मुदलियार अशी माणसं. सोबत ब्रिटनचे एक आणि अमेरिकेचे दोन शिक्षणतज्ज्ञ. ऑगस्ट १९४९ मध्ये अहवाल तयारही झाला. नऊ-दहा महिन्यांत! इतक्या अडचणीत असलेल्या देशाला विद्यापीठाची इतकी निकड वाटली, हे आठवलं तरी मला भरून येतं.

आयोगानं रोगाचं मूळ बरोबर पकडलं होतं. विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची असेल तर ती परीक्षेची, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. आपल्याकडं ती घडी इतकी पक्की बसली की आजही शिकवणारा वेगळा आणि पेपर काढणारा वेगळा. वाळव्याच्या कॉलेजातल्या मास्तराला वाळव्याच्या मातीवर प्रश्न विचारता येत नाही, कारण त्याच दिवशी तोच पेपर महाबळेश्वरच्या आणि आजऱ्याच्या पोरांनाही सोडवायचा असतो. मग सगळ्यांना चालेल असा, म्हणजे कुणाच्याच गावचा नसलेला प्रश्न येतो. आणि जे पेपरात येत नाही ते ‘आम्हाला नव्हतं’.

आयोग म्हणाला होता, एक तृतीयांश मार्क वर्षभराच्या कामाला ठेवा. नेमून दिलेली पाठ्यपुस्तकं नकोत. परीक्षेचे दिवस सोडून वर्षाला किमान १८० दिवस शिकवणं झालं पाहिजे. संलग्न कॉलेजात १,५०० च्या वर विद्यार्थी नकोत. इंग्रजीची जागा लवकरात लवकर भारतीय भाषेनं घ्यावी. शेवटची शिफारस ऐकली गेली असती तर ‘सामू’ शब्दाशी माझ्या भाचीची गाठ घरच्या सोप्यात पहिल्यांदा पडली नसती.

पण त्या अहवालातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ग्रामीण विद्यापीठांचं प्रकरण. त्यामागं मुख्य हात होता आर्थर मॉर्गन या अमेरिकन सदस्याचा. हा माणूस मुळात पूरनियंत्रण करणारा इंजिनिअर. ओहायो राज्यातल्या डेटन शहराला १९१३ मध्ये महापुरानं बुडवलं, त्यानंतर तिथल्या नद्यांचं पूरनियंत्रण यानं उभं केलं. मग तो अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि तिथं त्यानं काही आठवडे वर्ग, काही आठवडे प्रत्यक्ष काम, अशी पद्धत आणली. पुढं टेनेसी खोऱ्याच्या मोठ्या सरकारी प्रकल्पाचा तो पहिला अध्यक्ष. पूर, धरण, माती आणि कॉलेज ही चारही कामं एका आयुष्यात केलेला माणूस आपल्या आयोगावर होता. सांगलीकरांनी २०१९ चा पूर आठवून हे वाक्य पुन्हा वाचावं. तो सांगत होता की खेड्याचे प्रश्न हाच अभ्यासक्रम धरा, अभ्यास आणि काम एकत्र चालू द्या. डेन्मार्कच्या लोकशाळांचा दाखला त्या प्रकरणात आहे, आणि त्याची वीण गांधीजींच्या नयी तालीमशी, म्हणजे हातानं काम करत शिकण्याच्या पद्धतीशी, जुळते.

आणि हे लिहिलं जात होतं तेव्हा साताऱ्यात ते चालू होतं! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्येच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं होतं. कमवा आणि शिका. माझे वडील तिथलेच, पन्नासच्या दशकातले. पहाटे उठून रानाला पाणी पाजायचं, खडी फोडायची, भाकरी थापायला पाळीपाळीनं बसायचं आणि मग वर्ग. म्हातारपणी ते कुणाचंही बांधकाम बघायला उभे राहायचे आणि गवंड्याला मालाचं प्रमाण सांगायचे. आम्हाला लाज वाटायची. त्यांना मात्र आपण इतिहासाचे पदवीधर आहोत आणि आपल्याला भिंत घालता येते, या दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

आता पुढं काय झालं ते बघा. १९५६ मध्ये सरकारनं देशात काही ग्रामीण शिक्षणसंस्था, ‘रूरल इन्स्टिट्यूट’, काढल्या. त्यातली एक आपल्या शेजारी, गारगोटीला, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांच्या मौनी विद्यापीठात. मोठ्या तळमळीची माणसं होती ती. पण तिथं मिळायची ग्रामीण सेवेची पदविका. पदवी नव्हे. सरकारनं ती पदवीच्या तोडीची मानली, पण विद्यापीठं तिला आपल्या पंगतीला बसवायला का-कू करत राहिली. शहरातल्या पोराला बी.ए. आणि खेड्यातल्या पोराला डिप्लोमा, हे कोणत्या आईबापाला पटेल? आणि ज्या घरांनी गावात पिढ्यान् पिढ्या अपमान सोसला, त्यांना ‘गावातच राहा, गावाचंच शिका’ हे शिक्षण वाटेल की जुनीच वेस? त्यांनी पाठ फिरवली ते मला अगदी बरोबर वाटतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

कर्मवीरांना हे आधीच उमगलं होतं. साताऱ्यात खडी फोडणाऱ्या पोराला तीच पदवी मिळायची जी पुण्या-मुंबईच्या पोराला मिळते. विद्यापीठ तेच, पेपर तोच, आणि त्याशिवाय हातात काम. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. खेड्यासाठी वेगळं, स्वस्तातलं विद्यापीठ नको. आहे त्याच पदवीच्या पोटात गावाचा प्रश्न शिरला पाहिजे. मॉर्गनचा अभ्यासक्रम आणि कर्मवीरांची पदवी एकत्र यायला हवी होती. स्वतंत्र देशानं ती गाठ घातली नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. चीनच्या युद्धाचे दिवस होते. उद्घाटनाला आले राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन, म्हणजे तो अहवाल देणाऱ्या आयोगाचे अध्यक्षच. अहवालाला तेरा वर्षं झाली होती. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पोरांना पुण्याकडं तोंड करून बसावं लागणं संपलं, ही फार मोठी गोष्ट. माझ्या पिढीतल्या शेकडो मुली पदवीधर झाल्या त्या त्यामुळंच, मीही त्यातलीच. पण साचा जुनाच राहिला, शिकवायचं संलग्न कॉलेजांनी आणि परीक्षा विद्यापीठाची.

लोक म्हणतील, शेतीचं बघायला कृषी विद्यापीठ आहे, कसबे डिग्रजला संशोधन केंद्र आहे. आहे, आणि ते हवंच. पण आमच्या दीड एकराचा प्रश्न नुसता शेतीचा नाही. खारं पाणी निचरून काढायला जमिनीखालून छिद्रांची पाईप टाकायची म्हणजे उतार मोजायला इंजिनिअर लागतो. ते पाणी ओढ्यापर्यंत दुसऱ्यांच्या रानातून न्यायचं म्हणजे कायदा आला, भावकी आली. खर्च कसा वाटून घ्यायचा हा तर माझाच विषय, अर्थशास्त्र. पाणी जास्त का पाजलं जातं, याला इतिहास आहे. एका खारवट रानात पाच विभागांचं कॉलेज मावतं.

आज सबब उरलेली नाही. स्वायत्त कॉलेजांना अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही आपली आपण ठरवता येतात. साताऱ्याला आता कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, क्रेडिट आहेत. पण मी काय पाहिलं? पोरं मामाच्या दुकानाचा शिक्का आणतात, मास्तर सही करतात, क्रेडिट जमा. मास्तरांना तरी काय बोलणार? सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं पगार घेत, दोन कॉलेजांत धावणाऱ्या, दरवर्षी नव्यानं मुलाखत देणाऱ्या पोरानं कुणाच्या रानात जाऊन वर्षभराचा प्रकल्प उभा करायचा? पूर्णवेळ जागा भरल्याशिवाय यातलं काहीही होणार नाही, हे मी सभेत बोललेय, पत्रांत लिहिलंय आणि इथंही लिहिते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे आज ॲकॅडेमिक कौन्सिलवर आणि अभ्यासमंडळांवर बसलेत, त्यांना माझं हक्कानं सांगणं आहे. पुढच्या वर्षी एका विषयाचा एक पेपर तरी आपल्या तालुक्याच्या एका प्रश्नावर ठेवा. माणची टंचाई घ्या, तासगावचा बेदाणा घ्या, कृष्णेचा पूर घ्या. चुकलं तर पुढच्या वर्षी सुधारा.

परवा रात्री भाचीचा फोन आला. सध्या ती सांगलीत अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षेसाठी. म्हणाली, "आत्या, मी जुनी वही काढली. पप्पांचा कागद आता कळला मला. पण पाईप ओढ्यापर्यंत न्यायची तर मध्ये किती जणांची रानं लागतात?" मी म्हटलं, अकरा. ती म्हणाली, "नावं सांग." मी एकेक सांगत गेले, ती लिहून घेत होती. सातव्या नावाला थांबली. त्या घराशी आमचं वीस वर्षं बोलणं नाही. "त्यांच्याकडं मी जाते," म्हणाली, आणि आठवं नाव विचारलं.