चिकटपट्टीच्या सल्ल्याबद्दल

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की टीव्हीच्या रिमोटने संगणकाला जोडलेल्या टीव्ही ट्यूनरचे चॅनेल बदलतात एवढ्यासाठी लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर (ट्यूनर चालवणारा प्रोग्राम) कशाला उघडायचा, ट्यूनरच्या सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावली की काम झालं. शिवाय दोन्ही रिमोट एनईसी पद्धतीचे (ही रिमोटचे सिग्नल पाठवण्याची एक पद्धत) असतील तर ड्रायव्हरला ते वेगळे कळणार कसे?

पट्टीने त्रास थांबेल, पण ट्यूनरचा स्वतःचा रिमोटही शोभेपुरता उरेल. तेवढं चालणार असेल तर पट्टीही नको. बीटीटीव्ही, ईएम२८एक्सएक्ससारखे ड्रायव्हर 'डिसेबल_आयआर' (रिमोटचे सिग्नल घेणं बंद) हा पर्याय देऊन लोड करता येतात.

तुमच्या प्रश्नात मात्र दम आहे. एनईसीमध्ये बटण दाबलं की आधी ९ मिलिसेकंदांचा पल्स, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यामागून ३२ बिट येतात: ८ पत्त्याचे (सिग्नल कुठल्या उपकरणासाठी ते सांगणारे), ८ तेच उलटे, ८ बटणाचे, ८ तेही उलटे. म्हणजे पद्धत एक असली तरी पत्ता वेगळा असू शकतो, आणि बहुधा असतोच. घोळ होतो तो कीमॅपमध्ये (कुठला कोड म्हणजे कुठलं बटण, या यादीत) नुसता बटणाचा बाइट, म्हणजे बटणाचे ते ८ बिट, असला की. मग ०२ हे बटण कुणाच्याही रिमोटचं चालतं. लिनक्सच्या बऱ्याच जुन्या कीमॅपांत असंच होतं.

आयआर-कीटेबल (रिमोटचे कोड दाखवणारं लिनक्समधलं साधन) चाचणीवर लावा आणि दोन्ही रिमोटची बटणं दाबून बघा. समजा एकाचा कोड ०x०४०२ आला आणि दुसऱ्याचा ०x८००२. ०xनंतरचे पहिले दोन अंक पत्त्याचे, पुढचे दोन बटणाचे. कीमॅपमध्ये पूर्ण कोड भरा, टीव्हीचा रिमोट आपोआप गप्प बसेल. दोन्हीकडे नुसता ०x०२ आला तर पत्ता ००ही असू शकतो (स्वस्त रिमोटांत तो सर्रास दिसतो), नाहीतर वाटेत कुठेतरी गळतोय. ड्रायव्हरच तो टाकून देत असेल, तर आरसी_कीडाउनला (बटण दाबल्याचं लिनक्सला कळवणाऱ्या फंक्शनला) पत्ता आणि बटण मिळून कोड द्यायचा, एवढीच दुरुस्ती. पण काही जुन्या कार्डांवरची चिप स्वतःच सिग्नल उलगडून मोजकेच बिट पुढे देते. तिथे पत्ता ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि तुमची पट्टी जिंकते! दोघांचा पत्ता खरोखरच एक निघाला, तर ट्यूनरसाठी आरसी-५ या दुसऱ्या पद्धतीचा रिमोट घ्या आणि ट्यूनरवर तीच एक पद्धत चालू ठेवा; अर्थात हार्डवेअरला ती कळत असेल तर.

तुमच्याकडे चाचणीत कोड चार अंकी येतो की दोन अंकी, ते ड्रायव्हरच्या नावासकट कळवा. त्याशिवाय पॅच (कोडमधली दुरुस्ती) कुठे लावायचा हे सांगता येणार नाही.