जुनी गाडी द्यायची, पण कोणाला?

गेल्या शनिवारी आमची जुनी कोरोला एका संस्थेला दान दिली. ती घेतली तेव्हा आई इथे बाल्टिमोरला आलेली होती. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ड्राइव्हवेवरच नारळ फोडला. लेकीला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेही याच गाडीतून. त्यामुळे ती कुणाच्याही हवाली करून मोकळं होणं मला जमेना.

आधी एका जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. विचारलं, गाडी विकून येणाऱ्या पैशातले संस्थेला किती मिळतात? उत्तर नाही. संस्था काम काय करते? "मुलांसाठी." कुठल्या मुलांसाठी, कुठे, काही पत्ता नाही. वर म्हणे, बाजारभावाची पूर्ण रक्कम टॅक्समध्ये वजा मिळेल. तिथेच मी फोन ठेवला.

कारण २००५ पासून नियम वेगळा आहे. संस्थेने गाडी विकली आणि ५०० डॉलरच्या वर पैसे आले, तर जेवढ्याला विकली तेवढंच डिडक्शन, म्हणजे टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून तेवढीच वजावट. जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या केली ब्लू बुकमध्ये साडेतीन हजार दिसू देत, लिलावात नऊशे आले तर नऊशेच. तेही तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे सरसकट वजावट न घेता एकेक खर्च वेगळा दाखवत असाल, तरच. बाजारभाव धरता येतो तो संस्थेने गाडी स्वतःच्या कामात चांगली वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती केली, किंवा गरजू माणसाला फुकट वा अगदी स्वस्तात दिली तर.

हे शेवटचं वाचलं आणि माझा शोधच बदलला. आमच्याच भागातली 'व्हेइकल्स फॉर चेंज' १९९९ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना गाड्या देते, तुरुंगातून सुटलेल्यांना मेकॅनिकचं काम शिकवते. जिथे बस पोचत नाही तिथे राहणाऱ्या आईसाठी गाडी म्हणजे नोकरी, मुलाचं डेकेअर, डॉक्टर, सगळंच. आलेली प्रत्येक गाडी कुटुंबाकडे जात नाही, काही विकल्याही जातात. त्यात मला गैर वाटत नाही. संस्थेसाठी गाडी विकून देणारा मधला दलाल किती घेतो हे लपवणं मात्र गैर आहे, आणि ते सांगत नसतील तर गाडी देऊच नका.

आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर संस्थेचं पूर्ण नाव टाकून ती ५०१(सी)(३), म्हणजे टॅक्समधून सूट असलेली धर्मादाय संस्था, आहे का बघा. सारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात. मग तिचा फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचा वार्षिक हिशेब, उघडा. कामावर किती खर्च झाला आणि देणग्या गोळा करण्यावर किती, ते त्यात दिसतं. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नव्या मालकाची जागा कोरी ठेवून सही अजिबात करू नका. गाडी नावावरून गेली नाही तर तिचे दंड तुमच्याच घरी येतील. आमच्या मेरीलँडमध्ये नंबरप्लेट एमव्हीएला (राज्याच्या वाहन खात्याला) परत करायची, इन्शुरन्स त्यानंतरच बंद करायचा.

'व्हेइकल्स फॉर चेंज'कडे गाडी नेणारा टो ट्रक यायच्या आधी डॅशबोर्डवरचा गणपती काढला. खाली गोल, फिकट न झालेला काळा ठसा होता. गाडी कुणाच्या घरी गेली की विकली गेली, ते संस्थेकडून १०९८-सी फॉर्म, म्हणजे गाडी दान दिल्याची टॅक्ससाठीची पावती, आला की कळेल. मी वाट बघतेय.

३१ डिसेंबरच्या आधी ज्यांना गाडी द्यायची आहे त्यांनी संस्थेचं नाव मला कळवा. तिचा ९९० आपण एकत्र बसून वाचू.