पाळणा हलायचा तर आधी फाईल हलवा

लग्न ठरलं असेल तर अभिनंदन. हॉल नंतर बघा. आधी वॉर्ड ऑफिसच्या जनुक-परवानगी खिडकीवर जाऊन टोकन घ्या. मुलं आता देवाच्या कृपेने होत नाहीत, तिसऱ्या मजल्याच्या कृपेने होतात. आणि तिसऱ्या मजल्यावरचे साहेब एक ते तीन जेवायला असतात, मंगळवारी सिद्धिविनायकाला असतात आणि उरलेल्या वेळात मीटिंगमध्ये. मी आजवर तीन फाईली काढल्यात. एक धाकट्या मुलाची, एक पुतण्याची. दोघांचे निकाल आज बालवाडीत आहेत आणि शाळेला काही तक्रार नाही. तिसरी फाईल भाचीची. तिच्याकडून काय करू नये ते शिकता येईल, म्हणून ती शेवटी सांगतो.

ऑफिसात शिरण्याआधी जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख काढा. वर बसलेल्या शास्त्रीय अधिकाऱ्याला जनुकं कळतात, याला फॉर्म कळतात. फॉर्म दोन आहेत, निळा दुरुस्तीचा आणि गुलाबी सुधारणेचा. आजार टळावा म्हणून भ्रूणात केलेला बदल ती दुरुस्ती, हौसेखातर केलेला ती सुधारणा. पहिलीला परवानगी, दुसरीला बंदी. जगभरच्या नीतितज्ज्ञांनी इतकी वर्षं डोकं खाजवून जी रेघ आखली ती ही. गुलाबी फॉर्मला हात लावू नका. तो ठेवलाय तो नवखे ओळखू यावेत म्हणून.

आपल्याला ही रेघ काय नवीन आहे? आपल्या वडिलांनी गॅलरी खोलीत घेतली ती कुठल्या परवानगीवर? टेनंटेबल रिपेअरच्या. पोटमाळा काढला, रिपेअर. मोरीच्या जागी बाथरूम केलं, रिपेअर. मुंबईत नवीन असं कोणी काही बांधतच नाही, सगळे फक्त डागडुजी करतात. तेच इथे करायचं. मुलगी गोरी हवी असेल तर ‘उन्हाने त्वचा भाजण्याचा धोका’ असं लिहा. खरं तर उन्हापासून वाचवतं ते सावळ्या रंगातलं मेलॅनिन, भाजते ती गोरी कातडी. पण साहेबांनी स्वतःच्या मुलासाठी गोरी, घारी सून शोधायला चार वर्षं घातलीत. ते त्या ओळीवर पेन अडवत नाहीत.

उंचीचा मात्र नाद सोडा. २०२२ साली ५० लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासून शास्त्रज्ञांनी उंचीशी संबंध असलेल्या जनुकीय जागा मोजल्या, त्या भरल्या १२,००० च्या वर. इतके खड्डे एका पावसाळ्यात बुजवणारा अजून जन्मायचाय, त्याचीही फाईल कुठेतरी अडकली असणार. मुलाला सिंगल बारला लटकवा. बुद्धीचंही साधारण तसंच, पण क्लासवाले ते कबूल करणार नाहीत.

आता एक बारीक अक्षरातली गोष्ट, जी एजंट सांगत नाही. बदल दोन तऱ्हांचे असतात, एक भाड्याचा आणि एक पागडीचा. पवईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर जी कार-टी उपचारपद्धती तयार झाली आणि २०२३ साली मंजूर झाली, तो भाड्याचा बदल. रुग्णाच्याच पेशी काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. माणूस गेला की बदलही गेला, मुलाबाळांकडे जात नाही. भ्रूणात केलेला बदल म्हणजे पागडी. नातू, पणतू, खापरपणतू, सगळे त्याच खोलीत जन्मणार, आणि त्यांच्यातल्या कोणालाही खोली बघायला नेलेलं नसणार. निळ्या फॉर्मवर रकाना १४ आहे, ‘लाभार्थ्याची संमती’. तिथे ‘लागू नाही’ लिहायचं. मोकळा ठेवलात तर त्रुटी काढतात.

नियम इतके जाचक कशाला, असं तुमच्या घरात कोणीतरी विचारेलच. त्याला हं च्यानक्वेची गोष्ट सांगा. क्रिस्पर नावाची जनुकं कापायची कात्री २०१२ मध्ये हाती आली, त्याबद्दल डाउडना आणि शार्पेंतिए या दोन बायकांना २०२० चं नोबेल मिळालं. मधल्या काळात, २०१८ च्या नोव्हेंबरात, या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केलं की, मी जुळ्या मुलींची जनुकं भ्रूणातच बदलली. एचआयव्ही होऊ नये म्हणून सीसीआर५ नावाचं जनुक त्याने कापलं होतं. एकीच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीची एकच. म्हणजे सख्ख्या जुळ्या बहिणी आणि काम एकीचं पुरं, दुसरीचं अर्धं. जगाने छीथू केली. त्याला तीन वर्षं तुरुंग आणि ३० लाख युआन दंड झाला. बाकी देशांनी यातून काय धडा घेतला ते त्यांचं त्यांना माहीत. आपण घेतला तो असा की, त्याच्या नीती-समितीचे कागद खोटे निघाले. कागद खरे हवेत. काम काय केलं ते नंतर बघता येतं.

म्हणून कडक कायद्याला भिऊ नका, त्याचे लाड करा. गर्भलिंग तपासणीवर देशात सगळ्यात आधी कायदा कोणी केला? महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राला जाग आली १९९४ मध्ये. आणि शून्य ते सहा वयोगटात आपल्या राज्यात हजार मुलांमागे मुली किती होत्या? २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. कायदा असा राबतो. डॉक्टर काही बोलायचा नाही, ‘पेढे आणा’ म्हणायचा किंवा ‘बर्फी आणा’. गोड बोलण्यावर कुठे बंदी आहे? खिडकीवर हल्ली ‘हापूस की पायरी?’ असं विचारतात. घाबरू नका आणि आंब्याचा मोसम नाही असं काही बावळटासारखं बोलू नका. हापूस म्हणजे सगळी यादी, पायरी म्हणजे आजारांपुरतं. दर झेरॉक्सवाला सांगेल.

घरच्यांची तयारी करावी लागत नाही, ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तयारच आहेत. छत्तीस गुण जुळवायचे, एकनाडी निघाली की चांगलं स्थळ मोडायचं, हे कशासाठी होतं? म्हणे, संततीसाठी. त्याच घरात मुलगा आणि मुलगी दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असले तर प्रत्येक खेपेला मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याच आजाराचं गंभीर रूप घेऊन, निघण्याची शक्यता चारात एक, हे एका साध्या रक्ततपासणीत कळत होतं. गुरुजींना अकराशे देणाऱ्यांना लॅबचे पैसे जड व्हायचे. त्या तपासणीसाठी कुठली कात्री लागत नव्हती, खिडकी लागत नव्हती, की तिसरा मजला. हे मी उगाच बोललो. आता पत्रिकेच्या जागी जनुकपत्रिका आली आहे, गुरुजी तेच आहेत, लॅपटॉप नवीन.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली याच शहरात, गिरगावात, संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी नाकाला रुमाल लावला होता. मूल नको हे नवरा-बायकोने ठरवायचं म्हणजे काय! आज मूल कसं हवं हे सासूची मावशी ठरवते आणि कोणाच्या नाकाला काही वास येत नाही. सरकारचंही तसंच. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते अंमलात आलं नाही, पण हौस दिसली. तेव्हा सरकारला मुलं मोजायची होती, आता निवडायची आहेत. निवडीचा नमुना हवा असेल तर अमेरिकेकडे बघा. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या मुलीची नसबंदी योग्य ठरवली. मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असं न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं. त्यातली ‘तिसरी पिढी’, म्हणजे कॅरीची लेक, पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. फाईल तोवर बंद झाली होती.

सिकलसेलवाले, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण, तुम्हाला रांगेत दिसणार नाहीत. कात्रीचा पहिला मंजूर उपचार त्यांच्याच आजारावर निघाला होता, २०२३ च्या अखेरीस, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे हा आजार नंदुरबारात, गडचिरोलीत, इथून दोन-तीन तासांवर पालघरच्या पाड्यांवर. त्यांना टोकन सकाळी आठला मिळतं आणि पहिली एसटी पोचते साडेदहाला. त्यामुळे रांग आटोपशीर राहते, एवढं खरं.

आता भाची. लालबागची. शिकलेली आहे, तोच घोळ आहे.

तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, रक्तगट बॉम्बे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात तो शोधला, म्हणून हे नाव. मुंबईच्या आसपास साधारण १०,००० माणसांत एखाद्याचा असतो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, आणि ‘ओ’ समजून ‘ओ’चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. या माणसांना रक्त चालतं ते फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचं. त्यामुळे दाजींना सगळं शहर ओळखत नसलं तरी शहरातल्या रक्तपेढ्या ओळखतात. बेस्टमध्ये होते तेव्हा ड्युटी संपवून, खाकीतच, ते परळला जाऊन रक्त देऊन यायचे. घरी काही सांगायचे नाहीत. कोपराच्या आत चिकटवलेला कापूस बघून ताई समजायची आणि रात्रीच्या जेवणात बीट वाढायची.

भाचीला वडिलांकडून त्या जनुकाची एक प्रत आली. जावईही नेमका वाहक निघाला. तपासलेल्या भ्रूणांपैकी टिकलं एकच, आणि ते आजोबांवर गेलेलं. अधिकाऱ्याने शेरा मारला, ‘विसंगती. दुरुस्ती विनामूल्य.’ विनामूल्य! त्या इमारतीत हा शब्द मी तरी पहिल्यांदा वाचला. मी तिला म्हटलं, सही कर आणि चल, खाली चहा पिऊ.

ती म्हणाली, “मामा, याला आजार कुठला आहे?”

आजार नाही, अडचण आहे, मी म्हटलं. कधी रक्त लागलं तर मिळायचं नाही.

“सगळ्यांचं दुरुस्त केलं तर मग ज्यांचं राहिलंय त्यांना कोण देणार? बाबांना कोण देणार?”

निळ्या फॉर्मवर दोन पर्याय आहेत, (अ) पूर्ण दुरुस्ती आणि (ब) अंशतः दुरुस्ती. तिने पेनाने खाली (क) लिहिलं आणि पुढे, ‘आहे तसं राहू द्या’. असलं काही करू नका. पेनाने वाढवलेला पर्याय ग्राह्य नाही म्हणून फाईल परत आली. मग तिने टाईप करून अर्ज दिला. तो संगणकाने परत पाठवला, कारण रक्तगटाच्या रकान्यात ‘बॉम्बे’ लिहिलं होतं. शहराचं नाव १९९५ सालीच मुंबई झालंय, जुनं नाव स्वीकारलं जात नाही. हायकोर्टाने, आयआयटीने आणि रक्ताने तेवढं ऐकलं नाही, पण संगणकाला ते कोण सांगणार? खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “‘मुंबई’ लिहून टाका ना, काय फरक पडतो?” भाचीने तसं लिहिलं. मग वैद्यकीय विभागाने शेरा मारला, ‘असा रक्तगट अस्तित्वात नाही.’

सव्वा वर्ष झालं. दर सोमवारी ती जाते, रजिस्टरमध्ये सही करते, येते. झेरॉक्सवाला आता तिच्याकडून पैसे घेत नाही. ही चांगली खूण नव्हे.

गेल्या गणपतीत मी त्यांच्याकडे होतो. रात्री दीडला फोन वाजला. बाहेर रांगेतल्या लोकांचा गलका होता म्हणून दाजींनी स्पीकर लावला. एका रक्तपेढीतून कोणी मुलगा बोलत होता, धापा टाकत. एक बाई आहेत, बाळंतपणात खूप रक्त गेलंय, बॉम्बे ग्रुप, यादीतले दोघं बाहेरगावी आहेत, काका लगेच येता का?

“वय एकाहत्तर आहे माझं,” दाजी म्हणाले. पासष्टनंतर रक्त घेत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही.

“मुलगी आहे ना तुम्हाला?”

“तिचं चालत नाही. बी पॉझिटिव्ह आहे.”

“घरात आणखी कोणी? काका, कोणीही?”

दाजींनी भाचीकडे बघितलं. ती दारात उभी होती.

“आहे एक,” ते म्हणाले. “पण तिसऱ्या मजल्यावर आहे.”

“मग उठवा ना त्यांना!” तो म्हणाला.