दिसेनाशा अंगरख्याची फिर्याद

माझा अदृश्य होण्याचा अंगरखा चोरीला गेला. आजोबांच्या वेळचा होता, डाव्या खिशाला भोक पडलं होतं, पण घेणेकरी दारात आले की दुसरा आधार नव्हता. बायको म्हणाली, "जाऊ द्या." ऐकायला हवं होतं. मी गेलो राजतपासनिसांच्या कचेरीत.

तिथे तीन रांगा. शाप, ड्रॅगन आणि संकीर्ण. ड्रॅगनच्या रांगेत एकाच्या टोपीतून अजून धूर येत होता, त्यामुळे त्याला पुढे घेतलं. मी अर्थातच संकीर्ण.

कारकून डावखुरा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला राजहंसाच्या डाव्या पंखाचं पीस सोयीचं, कारण ते नजरेआड वळतं. डावखुऱ्याला उजव्या पंखाचं लागतं. कोठारात मात्र सगळी डावीच. दर ओळीला पीस त्याच्या डोळ्यात जायचं आणि राग माझ्यावर निघायचा.

"वस्तूचा रंग?"

"दिसत नाही."

"रकाना रिकामा चालत नाही." त्याने 'निळा' लिहिलं. "चोर कसा होता?"

"तो अंगरखा घालूनच गेला."

"म्हणजे चोर दिसला नाही, माल दिसत नाही. मग चोरी झाली हे कशावरून?"

मी गप्प. ओळखीची खूण म्हणून खिशाचं भोक सांगितलं, तर चोरीच्या मालात 'भोक, नग एक' अशी नोंद झाली.

एवढं लिहून अक्षरं फिकटच. मायफळ आणि हिराकस यांची शाई हवा लागली की हळूहळू काळी पडते, हे मलाही ठाऊक आहे. पण अर्ज पुरता काळा झाल्याशिवाय साहेबांपुढे जात नाही, हे नवीन होतं. "दोन दिवसांनी या."

दोन दिवसांत अर्ज काळाकुट्ट झाला आणि माझं तोंडही. आधी मुद्देमालाच्या खोलीत धाडलं. पहारेकऱ्याने रिकाम्या खुंट्यांची लांबलचक ओळ दाखवली. "जप्त अंगरखे. चाचपून घ्या." तासभर मी हवेला मिठ्या मारत होतो. एक हाती लागला, पण खिसा शाबूत. दुसरा लागला, तो खेकसलाच. आत दुसरा पहारेकरी डुलक्या काढत होता.

शेवटी साहेबांची खोली. खुर्ची रिकामी.

"साहेब आत्ताच उठले," शिपाई म्हणाला. परवाही असेच आत्ताच उठले होते. टेबलावरच्या पेल्यातून वाफा निघत होत्या. मी हात जोडून उभा राहिलो, कुणापुढे ते माहीत नाही.

तेवढ्यात खुर्चीच्या डाव्या बाजूला, अधांतरी, कुठूनसं एक तांब्याचं नाणं सुटलं, टण्णकन फरशीवर आपटलं आणि गरगरत माझ्या पायाशी आलं.

शिपायाने ते उचललं, अदबीने टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगितलं ना, साहेब जागेवर नाहीत."